पावसाआधीची पालवी

मार्च सरता सरता वाशीम जिल्ह्यातलं काळं रान उघडं पडतं. हरभरा आणि गहू घरात आलेले असतात आणि जमिनीला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. नाले आटतात, विहिरींचं पाणी खोल जातं, दुपारचा पारा चाळिशीकडे निघतो. शेवटचा भरवशाचा पाऊस पडून पाच-सहा महिने झालेले असतात आणि पुढचा यायला जूनचा दुसरा-तिसरा आठवडा तरी उजाडायचा असतो. झाडाला तहान लागण्याचा हा कठीण काळ असतो.

नेमक्या याच दिवसांत कडुनिंबाला तांबूस-पोपटी कोंब फुटतात. पिंपळ तांब्याच्या रंगाची, बोटांतून निसटतील अशी मऊ पानं धरतो. मंगरूळपीरकडून मानोऱ्याकडे जाताना माळावरचे पळस एकही पान अंगावर न ठेवता फुललेले दिसतात. आणि गुढीपाडव्याला आपण यांतल्याच कडुनिंबाच्या डहाळ्या तोडून दाराला, गुढीला, देवघराला लावतो. वसंताची आरास करायला लागणारं सगळं सामान रानात तयार असतं आणि पावसाचा थेंबही न पडता तयार असतं. हे सवयीचं झाल्यामुळे आपल्याला त्याचं नवल वाटत नाही. वाटायला हवं, कारण जगभरातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांना या गोष्टीनं बरीच वर्षं कोड्यात टाकलं होतं.

पाणी येतं कुठून?

स्टीफन एलियट, पॅट्रिक बेकर आणि रॉल्फ बोर्शेर्ट या तीन संशोधकांनी 2006 साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. आशियातल्या मोसमी जंगलांचं कोडं असाच त्याचा विषय होता. थायलंडमधल्या झाडांवर लक्ष ठेवून ते सांगत होते की इथली पुष्कळ झाडं पहिल्या पावसाच्या एक-दोन महिने आधीच, ऐन कोरड्यात, नवी पानं काढतात. पाणी नसताना पान काढायचं म्हणजे गाठीची पुंजी उडवल्यासारखं. मग झाडं हे धाडस का करतात आणि त्यांना ते परवडतं कसं?

परवडण्याचं उत्तर पानगळीत आहे. झाडाच्या मुळांनी ओढलेलं बहुतेक पाणी पानांच्या सूक्ष्म रंध्रांतून हवेत निघून जातं. जुनी पानं गळली की हा खर्च एकदम थांबतो. मुळं मात्र काम करतच राहतात. वरची काळी माती तडकलेली असली तरी खाली मुरमात आणि काळ्या कातळाच्या फटींत गेल्या पावसाळ्यातली ओल टिकून असते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून झालेला हा आपला दख्खनचा कातळ आहे. खोल गेलेली मुळं तिथून थोडं थोडं पाणी वर पाठवतात. खर्च बंद आणि जमा चालू, म्हणून निष्पर्ण दिसणारं झाड आतून हळूहळू भरत जातं. खोडातल्या पेशी पाण्यानं टंच झाल्या की कोंब फुगायला लागणारा दाब तयार होतो. म्हणजे आपल्याला जे झाड वाळलेलं वाटतं, ते त्या वेळी भरत असतं.

पाडव्याच्या दिवशी गुढीला बांधलेल्या कोवळ्या कडुनिंबात असं गेल्या वर्षीचं पाणी असतं. गेल्या श्रावण-भाद्रपदात शिवारात पडलेला पाऊस सहा महिने जमिनीखाली राहून चैत्रात पान होऊन वर येतो.

झाडाला कोण सांगतं?

पाणी भरलं तरी प्रश्न उरतो, की आता फुटायचं हे झाडाला कळतं कसं? पाऊस तर झालेला नाही. ऊन म्हणावं, तर ते एखाद्या वर्षी लवकर तापतं, एखाद्या वर्षी उशिरा. तरीही एकाच जातीची झाडं दरवर्षी साधारण त्याच सुमारास फुटतात. त्या तीन संशोधकांनी बोट ठेवलं ते दिवसाच्या लांबीवर.

वाशीम विषुववृत्तापासून सुमारे 20 अंश उत्तरेला आहे. इथला डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस अकरा तासांच्या थोडा आत असतो आणि जूनमधला सर्वांत मोठा सव्वातेरा तासांच्या थोडा पुढे. दिवस वाढण्याचा वेग मात्र वर्षभर सारखा नसतो. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, दिवस आणि रात्र समसमान होतात तेव्हा, तो सर्वांत जास्त असतो. त्या दिवसांत वाशीमचा दिवस रोज साधारण 70 सेकंदांनी मोठा होतो. आपल्याला हे जाणवतही नाही. झाडाला जाणवतं. पानांत आणि कोंबांत फायटोक्रोम नावाची प्रकाश टिपणारी प्रथिनं असतात आणि प्रत्येक पेशीत स्वतःचं चोवीस तासांचं घड्याळ असतं. या दोहोंचा मेळ घालून वनस्पती रात्र किती लांब आहे याचा अंदाज घेते. मुक्या, उभ्या जागी खिळलेल्या झाडाला सव्वा मिनिटाहून कमी असलेल्या या रोजच्या फरकाची बेरीज कळावी, ही मला सृष्टीतल्या थोर गोष्टींपैकी एक वाटते.

यात शहाणपणही आहे. पाऊस लहरी असतो. अवकाळी एक सर आली म्हणून जानेवारीत पान काढलं तर झाड फसेल. सूर्य मात्र कधी तारीख चुकवत नाही. म्हणून झाड पावसावर विसंबून न राहता सूर्यावर विश्वास ठेवतं.

आणि पावसाच्या आधी फुटण्याचा मोठा लाभ असतो. के. एस. मुरली आणि आर. सुकुमार यांनी तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या पानगळीच्या जंगलात केलेला अभ्यास 1993 साली प्रसिद्ध झाला. पानं खाणारे किडे पावसाबरोबर झपाट्यानं वाढतात. कोरड्यात लवकर फुटलेल्या झाडांच्या पानांचं नुकसान कमी होतं आणि पाऊस लागल्यावर फुटणाऱ्यांना किड्यांचा जाच जास्त सोसावा लागतो, असं त्यांना आढळलं. चैत्रात फुटलेलं पान मृगाच्या पावसापर्यंत जून, चिवट आणि कडू झालेलं असतं. शिवाय पावसाळ्याचा पहिला दिवस उजाडतो तेव्हा झाडाचा सारा पर्णसंभार अन्न तयार करायला सज्ज असतो.

दारावर काय काय येतं

आता पाडव्याच्या दाराकडे पाहू. तोरणाला आंब्याची पानं लागतात, तीही जून, गर्द हिरवी. आंबा सदाहरित, म्हणून इतर झाडं उघडी पडली तरी त्याच्याकडे ही पानं असतात. पानावर मेणाचा जाड थर असतो, त्यामुळे दोऱ्यात ओवून उन्हात टांगलं तरी ते लगेच कोमेजत नाही. त्याच झाडाची कोवळी पानं मात्र तांबडी आणि खाली लोंबलेली असतात. तांबडेपणा अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. हिरवं द्रव्य पुरतं तयार होईपर्यंत ते कोवळ्या पेशींना कडक उन्हापासून जपतं. पान लोंबतं, त्यामुळे दुपारचं ऊन त्यावर सरळ पडत नाही. रंग आणि ठेवण, दोन्ही उन्हाशी जुळवून घेण्यासाठी.

कडुनिंबाचा कडूपणाही असाच कामाचा. त्याच्या अंगात लिमोनॉइड गटातली अनेक द्रव्यं असतात आणि त्यांतल्या अझाडिरॅक्टिनमुळे किड्यांची भूक मरते आणि वाढ खुंटते. पाडव्याला सकाळी कोवळी पानं-फुलं, गूळ, जिरं, हिंग घालून केलेली चटणी आपण खातो, तेव्हा झाडाची ही संरक्षणव्यवस्था जिभेवर येते. गुढीवर कडुनिंबाच्या शेजारी गाठी असते. आपल्याकडे विदर्भात ती होळीलाच लेकरांच्या गळ्यात पडते आणि मग पाडव्याला गुढीवर चढते. गाठी म्हणजे साखरेचा घट्ट पाक. साच्यात दोरा ठेवून त्यावर तो ओतला की थंड होताना साखरेचे असंख्य बारीक स्फटिक एकमेकांत गुंतत दोऱ्याला धरून बसतात.

पळस गुढीला नसतो, पण त्याच्याशिवाय इथला वसंत पुरा होत नाही. मानोऱ्याच्या बाजूला, पोहरादेवीच्या परिसरातल्या बंजारा तांड्यांवर त्याच्या फुलांना केसुला म्हणतात. होळीसाठी ही फुलं उकळून केशरी रंग काढण्याची रीत गावोगाव होती. पळसाचं एक फूल हातात घेऊन नीट पाहावं. एक मोठी पाकळी मागे वळलेली, दोन बाजूंना, आणि दोन जोडून पक्ष्याच्या चोचीसारख्या वाकलेल्या. हीच मांडणी हरभऱ्याच्या इवल्या जांभळ्या फुलात असते, तुरीच्या पिवळ्या फुलात असते, सोयाबीनमध्येही असते. ही सगळी एकाच कुळातली आहेत. वाशीमचा शेतकरी खरिपात सोयाबीन-तूर आणि रब्बीत हरभरा घेतो आणि बांधावर त्यांचाच थोरला भाऊबंद फुललेला असतो. फरक एवढाच की हरभऱ्याचं फूल आपलं आपल्यातच फळतं आणि पळसानं मात्र पक्ष्यांना आवतण दिलेलं असतं. भडक रंग आणि भरपूर मध पाहून मैना, शिंजीर येतात, आणि पानं नसल्यामुळे फुलं त्यांना दुरून दिसतात.

थंड देशातली फळी

वसंताची अशी आरास थंड देशांतही होते. युरोप-अमेरिकेतल्या थंड मुलुखात भिंतीतल्या शेकोटीवर एक लांब फळी असते. हिवाळाभर घर त्या शेकोटीभोवती बसतं आणि वसंत आला की ईस्टर या ख्रिस्ती सणासाठी तीच फळी सजते. फुटू लागलेल्या कळ्यांच्या डहाळ्या, रंगवलेली अंडी, पक्ष्यांची घरटी, डॅफोडिलची पिवळी फुलं. जर्मनीत डहाळ्या फुलदाणीत ठेवून त्यांना रंगीत अंडी टांगतात. तिथे शेकोटीची जागा, आपल्याकडे दाराची चौकट, देवघर आणि कोनाडा. मांडणी वेगळी दिसते, पण त्या फळीवरच्या वस्तूंनाही वसंताची चाहूल कशी लागली हे पाहण्यासारखं आहे.

तिथल्या झाडांच्या कळ्या उन्हाळ्याच्या अखेरीस तयार होऊन झोपी जातात आणि ठरावीक काळ कडक थंडी सोसल्याशिवाय जाग्या होत नाहीत. थंडीचा हा हिशेब पुरा झाला, की मग ऊब लागते. म्हणून हिवाळा सरताना तोडलेली डहाळी उबदार घरात पाण्यात ठेवली तर बाहेर बर्फ असतानाच दोन-तीन आठवड्यांत ती फुलते. हीच डहाळी हिवाळ्याच्या तोंडाशी आणली असती तर फुलली नसती. आपल्या आंब्यालाही थंडी लागते, फक्त हलकी. डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्रींनी त्याच्या कोंबात पान न येता मोहोर येतो.

अंड्यांची गोष्ट तर थेट आपल्या कडुनिंबाशी येऊन मिळते. कोंबडी वर्षभर सारखी अंडी देत नाही. हिवाळ्याच्या लहान दिवसांत तिचं अंडी देणं मंदावतं आणि दिवस वाढू लागले की पुन्हा जोर धरतं. पक्ष्याच्या मेंदूत खोलवर प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात आणि कवटीतून झिरपणारा उजेड तिथवर पोचतो. आजच्या कुक्कुटपालन शेडमध्ये दिवे लावून दिवस लांबवतात तो याच कारणानं. दिवे नव्हते त्या काळात थंड देशांत अंड्यांची रेलचेल वसंतातच व्हायची. त्यात ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात अंडी खायची नसत, त्यामुळे ती साठत आणि सणाला रंगवली जात. म्हणजे तिकडचं ईस्टरचं अंडं आणि इकडची पाडव्याची पालवी, दोन्ही वाढत्या दिवसानं दिलेली. हजारो कोसांवरच्या दोन घरांत दोन वेगळ्या जिवांनी एकाच सूर्याचं सांगणं ऐकलेलं असतं.

दोन सण, एक चंद्र

दोन्ही सणांच्या तारखा दरवर्षी पुढे-मागे होतात, त्याचंही कारण एकच आहे. पाडवा 2024 साली 9 एप्रिलला होता, 2026 साली 19 मार्चला. दोन्ही सण चंद्राच्या कलांवर ठरतात आणि सूर्याच्या ऋतूंशी बांधून ठेवलेले असतात. बारा चांद्र महिने सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी कमी भरतात. तो खड्डा आपण अधिक महिन्यानं भरतो. 19 वर्षांत साधारण सात अधिक महिने आले की 235 चांद्र महिने होतात, आणि 19 सौर वर्षांत आणि त्यांत फरक उरतो अवघा दोनेक तासांचा. ईस्टरचं पारंपरिक गणितही याच 19 वर्षांच्या चक्रावर उभं आहे. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून अनेक वर्षी हनुमान जयंतीची चैत्र पौर्णिमा आणि ईस्टर हातात हात घालून येतात. 2026 साली हनुमान जयंती 2 एप्रिलला आणि ईस्टर 5 एप्रिलला.

पण एक फरक आहे आणि तो आपल्याला थेट जुन्या वाशीमपर्यंत घेऊन जातो. ईस्टर विषुवदिनाला, म्हणजे समसमान दिवस-रात्रीला, बांधलेला आहे. आपला चैत्र ताऱ्यांमधल्या मेष राशीला बांधलेला आहे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा फार हळू डोलतो, त्यामुळे ताऱ्यांचं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठं असतं. साधारण 72 वर्षांत आपला चैत्र ऋतूंच्या मानानं एक दिवस पुढे सरकतो. सूर्याचा मेषप्रवेश आणि विषुवदिन हे दोन्ही इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या अखेरीस एकत्र होते. आज मेषप्रवेश 14 एप्रिलच्या आसपास होतो.

त्यानंतर थोड्याच काळात, चौथ्या शतकात, वाकाटक राजा सर्वसेनानं वत्सगुल्म ही आपली राजधानी केली. वत्सगुल्म म्हणजेच आजचं वाशीम. सर्वसेन स्वतः कवी होता. त्याचं ‘हरिविजय’ हे महाराष्ट्री प्राकृतातलं काव्य आज हाती नाही, पण पुढच्या साहित्यशास्त्रकारांनी त्याची दखल घेतल्यामुळे विषय माहीत आहे. सत्यभामेसाठी कृष्णानं स्वर्गातून पारिजातक आणला, त्याची ती कथा. फुलांच्या झाडावर काव्य लिहिणारा राजा या गावाला लाभला. पुढे हजार-अकराशे वर्षांपूर्वी राजशेखरानं ‘काव्यमीमांसे’त वत्सगुल्माला कामदेवाची क्रीडाभूमी म्हटलं आणि काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचं लग्न इथेच लावून दिलं. कामदेव म्हणजे वसंताचा सखा.

सर्वसेनाच्या काळी चैत्र आजच्यापेक्षा तीनेक आठवडे लवकर येत असणार. जुन्या काव्यांत पळस हे वसंताचं ठळक फूल आहे. आज वाशीमचा पळस बव्हंशी फाल्गुनात पेटतो आणि चैत्र लागेपर्यंत त्याचा बहर उतरणीला लागतो. झाड सूर्यासोबत जागच्या जागी राहिलं, महिना ताऱ्यांसोबत पुढे गेला. हा सरकाव ओळखूनच मेघनाद साहा यांच्या समितीच्या शिफारशीनुसार भारत सरकारनं 22 मार्च 1957 पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू केली आणि तिचा चैत्र विषुवदिनाला बांधला. व्यवहारात ती फारशी रुळली नाही. झाडं मात्र तिच्याच बाजूची आहेत.

चैत्रगौरीची आरास

पाडवा एका दिवसाचा. वसंताची खरी लांब आरास घरात मांडली जाते ती चैत्रगौरीची. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय तृतीयेपर्यंत, महिनाभर, अनेक घरांत पितळेची गौर झोपाळ्यात बसते. हळदीकुंकवाच्या दिवशी तिच्यापुढे पायऱ्या रचून वर चांगलंसं वस्त्र पसरतात. त्यावर फुलं, खेळणी, करंज्या, कमळासारखं कातरलेलं टरबूज, खरबूज आणि कैऱ्या. अंगणात किंवा देवापुढे चैत्रांगण काढतात. सूर्य, चंद्र, शंख, कासव, कमळ, नाग, हत्ती, गुढी असं सारं विश्व रांगोळीच्या रेषांत.

त्या पायरीवरची कैरी घ्या. मोहोराच्या एका तुऱ्यात शेकडो, कधी हजारावर फुलं असतात आणि त्यांतून हाताशी येणारी फळं मोजकी. पौषाच्या गार रात्रींनी ठरवलेली ही कैरी चैत्रात ऐन आंबट असते, कारण तिच्यातलं सायट्रिक आम्ल अजून भरपूर असतं आणि पिष्टाची साखर व्हायची असते. ती किसून भिजवलेल्या हरभरा डाळीत मिसळली की कैरीची डाळ, उकडून गूळ-मीठ-वेलदोड्यात घोळली की पन्हं. पाणी, मीठ आणि साखर एकत्र पोटात गेली की आतडं पाणी लवकर शोषतं. उन्हातून आलेल्या बाईच्या हातात पन्ह्याचा पेला देणाऱ्या आजीनं हे अनुभवातून ओळखलेलं असतं.

आणि ओटीतले भिजवलेले हरभरे. मला या साऱ्या आरासीत सर्वांत थोर वाटतो तो हा मूठभर हरभरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेतातून आलेला कोरडा दाणा महिनोन्‌महिने निपचित पडून राहतो. त्याचा श्वास इतका मंद असतो की तो मेल्यासारखाच वाटावा. रात्री पाण्यात टाकला की तो फुगतो, वजनानं जवळपास दुप्पट होतो आणि काही तासांतच त्याच्या आतली यंत्रणा चालू होते. श्वास वाढतो, साठवलेली प्रथिनं आणि पिष्ट फोडणारी विकरं कामाला लागतात. म्हणजे हळदीकुंकवाला सुवासिनीच्या ओटीत पडतो तो दाणा नुकता जागा झालेला असतो. फलित अंडंही असंच थांबून राहू शकतं. कोंबडी उबवायला बसेपर्यंत गार जागेत त्यातला जीव वाढ थांबवून वाट पाहतो. वसंताच्या दोन आरासींत, एकमेकींना न विचारता, थांबलेल्या आणि जागं होऊ शकणाऱ्या जिवाची निवड झाली.

या वर्षी करून पाहावं असं

झाडांच्या या वेळा आता बारकाईनं नोंदवण्याची गरज आहे. हिवाळ्याच्या रात्री पुरेशा गार झाल्या नाहीत तर आंब्याचा मोहोर मागे-पुढे होतो. जमिनीतली ओल आणि दिवसाची लांबी यांचा मेळ बिघडला तर पालवी कशी वागेल, हे समजायला लांब काळाच्या नोंदी लागतात. सीझनवॉच नावाचा देशव्यापी उपक्रम 2010 च्या सुमारास सुरू झाला. त्यात शाळकरी मुलं आणि सामान्य माणसं आपल्याजवळच्या एका झाडाला दर आठवड्याला पाहून पान, फूल, फळ यांची नोंद करतात. कारंजा, रिसोड, मालेगाव, मानोरा कुठल्याही गावातल्या शाळेला हे जमण्यासारखं आहे. त्याला लागतं एक झाड, एक वही आणि नियमितपणा.

पाडव्याला गुढी उभारणाऱ्या घरात तर यासाठी वेगळं काही करायलाच नको. दारच्या कडुनिंबाला पहिला कोंब कधी दिसला, आंब्याला मोहोर कधी आला, पळसाचं पहिलं फूल कोणत्या दिवशी उघडलं, एवढं दिनदर्शिकेच्या चौकोनात लिहून ठेवावं आणि ती दिनदर्शिका रद्दीत देऊ नये. दहा वर्षांनी त्या घरापाशी आपल्या गावाच्या वसंताचा असा दाखला असेल, जो कुठल्याही प्रयोगशाळेत मिळणार नाही. आरास करणाऱ्या हातांनी हजारो वर्षं झाडांवर लक्ष ठेवलं आहे. आता त्याच हातांनी ते लिहूनही ठेवावं.